साडेसातशेची पपई: अमेरिकन फुटबॉलचा रिव्ह्यू, अन् राइस मोठा का ओवेन्स

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी दोन स्टार. ज्याला नुसतं घ्यावं का नाही एवढंच पाहायचं आहे त्यानं इथूनच परत गेलं तरी चालते, कारण खाली मी बॉलपेक्षा तो झेलणाऱ्या दोन अमेरिकन खेळाडूंचं, जेरी राइस अन् टेरेल ओवेन्सचं, जास्त बोलणार आहे.

हा आपला लाथेनं खेळायचा गोल फुटबॉल नाही बरं. अमेरिकेतला, दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरून फेकायचा. गावात पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं, पपई.

घेतला काहून तर ऐका. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला, ओलितासाठी थ्री फेज लाइन एक हप्ता दिवसा अन् एक हप्ता रात्री. रात्रीची पाळी आली की घोंगडं, टॉर्च अन् मोबाइल घेऊन वावरात, स्प्रिंकलरचे पाइप एका जागी मांडले की तीन तास काही काम नाही, थंडीनं झोप येत नाही, मग मोबाइलवर जे समोर येईल ते पाहायचं. मागच्या हरभऱ्याच्या टाइमाला असंच बोट लागून एक जुना व्हिडिओ सुरू झाला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स नावाच्या टीमचा, अन् मी त्यात असा गुतलो की पाइप हलवायचेच राहिले, तेवढ्या पट्ट्यातला हरभरा पिवळा पडला. त्याचा हिशोब बायको अजून काढते.

त्या खेळात मले आवडला तो वाइड रिसीव्हर. एक जण मधून बॉल फेकते, तो क्वार्टरबॅक, अन् हा एकदम काठावरून सुटते, ठरल्या जागी गर्रकन वळते, अन् वळते तोपर्यंत बॉल हवेत आलेलाच असते. बाउंड्रीवरचा कॅच समजा, पण जीव घेऊन पळताना, अन् दुसऱ्या टीमचा एक जण तुमच्या खांद्याला खांदा लावून.

तर बॉल. ७४९ रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, अशा दहा कंपन्या आहेत अन् सगळ्यांचा फोटो एकच आहे. पार्सल गावात येतच नाही, फोन येते की दादा लोकेशन पाठवा, लोकेशन पाठवलं की म्हणते तिकडे रोड नाही दाखवून राहिला, शेवटी फाट्यावरच्या किराणा दुकानात ठेवून मोकळा. मी ओलितात, नऊ दिवसांनी उचलला, तोपर्यंत रिटर्नचे सात दिवस संपलेले. हे आमच्या लोकांनी नीट वाचा, पार्सल आलं की त्याच दिवशी फोडा.

वर लेदर लिहिलं होतं. लेदर कसलं बाप्पा, ऑटोच्या सीटची रेक्झिन असते नं, तेच. खरा एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या लीगचा, बॉल गाईच्या कातड्याचा राहते, विल्सन कंपनी ओहायोमधल्या एडा गावात बनवते, अन् गंमत म्हणजे तिकडचे लोक त्याला अजून डुकराचं कातडं असंच म्हणतात. त्याची लांबी ११ ते सव्वाअकरा इंच पाहिजे, माझी टेलरच्या टेपनं साडेदहा भरली. वजन १४ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३९७ ते ४२५ ग्रॅम, माझा किराणावाल्याच्या काट्यावर ३६८. काट्यावर ठेवला तर मागे उभी असलेली म्हातारी विचारते, "काय भाव देऊन राहिला रे पपई?"

हवेचं तर विचारूच नका. नियमानं साडेबारा ते साडेतेरा पीएसआय. पंक्चरवाल्याकडे गेज आहे पण त्याचा हात गाडीच्या टायरवर बसलेला, मी चहावाल्याशी बोलायला वळलो तेवढ्यात त्यानं तीसपर्यंत मारली. एका बाजूची शिलाई अशी फुगली जशी सुजलेली हिरडी. हा माझ्या गावाचा दोष, कंपनीचा नाही, म्हणून याचा स्टार कापला नाही. पण व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून गळते, तो दोष त्यांचाच. थुंकी लावून पाहिलं, बुडबुडे.

लेस तेवढी चांगली आहे. बोटं त्या टाक्यांवर ठेवून, सोडताना मनगटातून फिरवला की बॉल भोवऱ्यासारखा फिरत सरळ जाते. हे जमायला मले चार दिवस लागले, पोट्ट्यांना एक संध्याकाळ. जमिनीवर आपटला की मात्र कुठं उडंल ते देवाला माहीत, बकरीच्या पिल्लासारखा. सोयाबीन निघालेल्या वावरात खेळून पाहिलं, खुंट टोचतात, म्हणून आता झेडपी शाळेच्या ग्राउंडवर.

आता मुद्द्याचं.

आमच्यात दोन पोट्टे खरे झेलणारे निघाले. एक मिस्त्रीचा. बापासोबत घरकुलाच्या कामावर जाते, खालून बाप वीट फेकते अन् हा वर स्लॅबजवळ उभा राहून झेलते. त्याचे हात पाहण्यासारखे आहेत. वीट आली की तो हात पुढे नेऊन धरत नाही, विटेसोबत उलीसा मागे घेते, म्हणून आवाजच होत नाही. पपई पण तशीच झेलली त्यानं, पहिल्याच बॉलला, थप्प नाही का काही नाही, जणू तिथंच ठेवलेली होती.

अन् मी उडालो, कारण जेरी राइसची गोष्ट हीच आहे! मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या बारक्या गावाकडचा, बाप गवंडी, उन्हाळ्यात भावंडं विटा फेकायचे अन् हा झेलायचा. लहानशा कॉलेजातून आला, १९८५ मध्ये टीमा पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात फोर्टीनाइनर्सनं घेतला, १६व्या नंबरवर, म्हणजे आधीच्या पंधरा निवडीत कोणाला तो दिसलाच नाही. १९८७ मध्ये खेळाडूंचा संप झाला होता म्हणून फक्त १२ मॅच खेळला, त्यात २२ टचडाउन झेलले, टचडाउन म्हणजे बॉल पार शेवटच्या पट्ट्यात पोचवणं, आपला गोल समजा. सीझन नसताना अडीच मैलांची टेकडी पळत चढायचा.

दुसरा आमचा कबड्डीवाला. अंगानं बैल. पहिले चार बॉल त्यानं सोडले, सरळ छातीवर आलेले, पोट्टे हासून राहिले, अन् पाचवा असा घेतला की दोन जण अंगावर, एक पाय चुन्याच्या लाइनीला, बॉल डोक्याच्या मागून. मग शर्ट काढून आख्ख्या ग्राउंडला चक्कर. हा आमचा टेरेल ओवेन्स, तो पण फोर्टीनाइनर्सचाच. ३ जानेवारी १९९९, ग्रीन बे टीमसोबत प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची मॅच, ओवेन्सनं दिवसभर बॉल सोडले, अन् शेवटी तीन सेकंद राहिले असताना क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगचा २५ यार्डांचा बॉल दोघातिघांच्या मधून छातीशी धरला, ३०-२७ नं जिंकले. यंग तर फेकण्याआधी अडखळला पण होता. ओवेन्स रडून राहिला होता, मोठा माणूस, लहान लेकरासारखा. तो व्हिडिओ मी मोटारीच्या खोपडीत बसून सहा वेळा पाहिला.

तर वाद हा की मोठा कोण. पारावर पोट्ट्यांचे दोन पक्ष पडले, अन् मी म्हटलं एकाच टीमचे आहेत तर एकाच टीमचं मोजा, नंतर दोघं दुसरीकडे गेले ते सोडून द्या. फोर्टीनाइनर्सकडून बॉल झेलून पुढे नेलेलं अंतर, राइसचे १९,२४७ यार्ड, ओवेन्सचे ८,५७२. पोट्ट्यांना यार्ड कळत नाही म्हणून किलोमीटर काढले. आमच्या गावाहून तालुका १८ किलोमीटर. राइस साडेसतरा किलोमीटरच्या थोडा पुढे गेला, म्हणजे पेट्रोल पंप ओलांडून बसस्टँड दिसायला लागते तिथपर्यंत. ओवेन्स पावणेआठ, फाट्यावरच उतरला. कबड्डीवाला म्हणे, "भौ, पण राइस सोळा वर्षं होता नं थ्या टीमात, ओवेन्स आठच." हे बरोबर आहे, पोट्टं बह्याड नाही. पण आठाचे सोळा केले तरी गडी साडेसतरापर्यंत येत नाही, पावणेआठ दुणे साडेपंधरा. मी तिथंच वाद बंद केला, म्हणजे मले वाटलं केला.

कारण मग मीच त्यांना १७ डिसेंबर २००० ची मॅच दाखवली. राइसची त्या टीमकडून घरच्या ग्राउंडवरची शेवटची मॅच. सगळं स्टेडियम त्याला निरोप द्यायला आलेलं. अन् त्या दिवशी ओवेन्सनं २० बॉल झेलले, २८३ यार्ड. एका मॅचमधला तेव्हाचा रेकॉर्ड, आधीचा १८ चा १९५० पासून कोणी तोडला नव्हता. हेडमास्तरच्या निरोप समारंभात सत्कार नव्या मास्तरचा व्हावा तसं झालं. पोट्टे चूप. मिस्त्रीचा म्हणे, "मंग राइसले वाईट वाटलं असन का?" मले काही उत्तर नाही आलं.

मी स्वतः राइसवालाच आहे. ओवेन्सचं नाटक जास्त. २००२ मध्ये सिएटलला टचडाउन केला अन् सॉक्समधून मार्कर काढून बॉलवर सही. हे पाहून आमच्या कबड्डीवाल्यानं कापसाच्या बोऱ्यावर नाव टाकायच्या मार्करनं माझ्या पपईवर सही ठोकली. रिव्ह्यूच्या हिशोबानं सांगतो, सही जात नाही, बॉलचा रंग मात्र आठ दिवसांत गेला. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेमचा मान मिळाला तर ओवेन्स तिथं गेलाच नाही, आपल्या जुन्या कॉलेजात चॅटनूगाला वेगळा कार्यक्रम केला. लग्नाचं जेवण आपल्याच वावरात देणारे असतात तसा.

पण या दोघांच्या भांडणात ज्याचं नाव कोणी घेत नाही तो जॉन टेलर, राइसच्याच टीमातला दुसरा रिसीव्हर. माझा जीव त्याच्यावर. जानेवारी १९८९, सुपर बोल म्हणजे तिकडची फायनल, मायामी, सिनसिनाटीसोबत. फोर्टीनाइनर्स तीन पॉइंटनं मागे, बॉल आपल्याच ८ यार्डाच्या लाइनीवर, म्हणजे ९२ यार्ड जायचं. राइसनं त्या दिवशी ११ बॉल झेलले, २१५ यार्ड, मॅचचा हिरो तोच ठरला. शेवटच्या बॉलला पण सगळ्यांचं ध्यान राइसकडे, तो एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पळत गेला, अन् टेलर मधून गुपचूप आत घुसला. क्वार्टरबॅक मोंटानानं त्याच्याकडे फेकला, ३४ सेकंद राहिले होते, २०-१६. टेलरनं आख्ख्या मॅचमध्ये झेललेला तो एकच बॉल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॅम्ससोबत त्यानं एकाच मॅचमध्ये ९२ अन् ९५ यार्डांचे दोन टचडाउन केले, म्हणजे हातात नव्हतं असं नाही. राइस बाजूला होता म्हणून टेलरला जागा मिळाली हे खरं, पण ती जागा सोडली असती तर राइसचे ११ कोणाला आठवले असते? हे मी पारावर बोललो तर कोणी ऐकलं नाही. सगळ्यांना राइस नाही तर ओवेन्स.

ड्वाइट क्लार्कचं लिहायचं होतं, १९८२ च्या जानेवारीत डॅलससमोर हवेत उडून घेतलेला तो, ज्याला तिकडे नुसतं "द कॅच" म्हणतात, पण रिव्ह्यू बॉलचा आहे अन् लाइन यायची वेळ झाली.

एवढं करून घ्यायचाच असंल तर हजाराच्या खालचा घेऊ नका, फोटोत व्हॉल्व्ह कुठं आहे ते पाहा, अन् हवा भरायची बारीक सुई वेगळी मागवा, सोबत देत नाहीत. ती सुई आमच्या आख्ख्या तालुक्यात मिळाली नाही, यवतमाळवरून आणली, चाळीस रुपये.

अपडेट, पंधरा दिवसांनी: व्हॉल्व्हला पंक्चरवाल्यानं सोल्युशन लावून ट्यूबचा तुकडा बसवला, आता दोन दिवस हवा टिकते. लेस निघाली. मिस्त्रीच्या पोट्ट्यानं तिथं सुतळी ओवली, अन् खरं सांगतो, सुतळीवर पकड जास्त चांगली येते. स्टार दोनच ठेवतो, सुतळी कंपनीनं दिलेली नाही.