साठीनंतर रबरी बँड: खांद्यांना पैकीच्या पैकी, पायांना काठावर पास

रेझिस्टन्स बँड, म्हणजे ताणून व्यायाम करायचं रबर, म्हणून बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात: लांब सपाट पट्टा, हँडल लावलेली रबरी नळी आणि मांडीत अडकवायची छोटी गोल लूप. ज्येष्ठांसाठी लूप सगळ्यात गैरसोयीची. उभ्याने ती चढवायला एका पायावर उभं राहावं लागतं, म्हणजे तोल जायची भीती व्यायामाआधीच. शिवाय गाऊन किंवा पायजम्यावर ती गुंडाळत वर सरकते आणि मांडीला काचते. नळीची हँडलं धरायला बरी असतात, पण नळी जिथे हँडलला जोडलेली असते तिथेच ती आधी तुटते. साठीपुढच्या माणसाने डोळे झाकून सपाट पट्टा घ्यावा, तोही दोन मीटरचा. दीड मीटरचा स्वस्त पडतो, पण पाय लांब करून तळव्यांभोवती टाकला की हातात धरायला काही उरत नाही.

बोटांच्या सांध्यांत दुखणं असेल तर पट्टा मुठीत आवळायचा नाही. दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढे फास बांधून ठेवा आणि ते कायमचे तसेच राहू द्या. गाठ सोडताना नखं लागतात आणि रबराला पहिली चीर तिथेच पडते.

आता रंग. थेराबँडचा क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता आहे. पट्टा ताणून दुप्पट लांब केला की पिवळा साधारण 1.3 किलो ओढ देतो, लाल 1.7, हिरवा 2.1, निळा 2.6 आणि काळा 3.3. पण हा क्रम त्या कंपनीचा आहे, सगळ्यांचा नाही. दुसऱ्या संचातला लाल हिरव्याहून जड निघू शकतो. त्यामुळे ‘लाल घ्या’ हा शेजाऱ्यांचा सल्ला निरुपयोगी. घरात प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा असेल तर पाच मिनिटांत खात्री होते: पट्ट्याचं एक टोक पक्कं बांधा, दुसऱ्या टोकाच्या फासात काटा अडकवा, मधला अर्धा मीटर भाग एक मीटर होईपर्यंत ओढा आणि आकडा वाचा.

हा पट्टा उत्तम चालतो तो खांदे आणि पाठीच्या वरच्या भागासाठी. पाठीला आधार देऊन पाय लांब करून बसा, पट्टा तळव्यांच्या मधोमध टाकून प्रत्येक पावलाभोवती एक वेढा द्या. वेढा नसेल तर पट्टा बोटांवरून सटकतो आणि सरळ तोंडावर येतो. डोळ्यांना इजा होते ती अशीच. कोपरं अंगालगत ठेवून दोन सेकंदांत मागे ओढा, तीन सेकंदांत सोडा. बहुतेक जण ओढतात जोर लावून आणि परत येताना पट्टा झटकन सोडून देतात, म्हणजे अर्धा व्यायाम वायाच. ओढताना आकडे मोठ्याने मोजा. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून जोर लावणं टाळायलाच हवं.

दहा ते पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. शेवटचे दोन-तीन खेच जड गेले पाहिजेत. पिवळ्या पट्ट्यावर गप्पा मारत पन्नास वेळा हात हलवणं म्हणजे हात मोकळे करणं. त्याने ताकद वाढत नाही. पंधरा-पंधरा सहज जमू लागले की हात चार बोटं पुढे धरा, आणि जिथे धरले तिथे पट्ट्यावर बॉलपेनने हलकी खूण करा. महिन्याभराने जुनी खूण मागे पडलेली दिसते. उत्साह टिकवायला कुठल्याही ॲपपेक्षा हे बरं.

पायांच्या बाबतीत मात्र बँड कमी पडतो. रबराची ओढ सुरुवातीला सगळ्यात कमी आणि शेवटी सगळ्यात जास्त असते. खुर्चीतून उठताना गरज नेमकी उलटी: कस लागतो तो बूड उचलतानाच, आणि तिथे पट्टा ढिला असतो. मांड्यांसाठी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं जास्त उपयोगी. त्याची चाचणीही आहे: साधारण 43 सेंटिमीटर उंचीची खुर्ची, हात छातीवर दुमडलेले, 30 सेकंद. 65 ते 69 वयात पुरुषांचे 12 आणि स्त्रियांचे 11 पेक्षा कमी भरले तर पाय कमजोर समजायचे आणि पडण्याचा धोका वाढला असं धरायचं. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, ती या कामाला नको. तोल सावरण्याचा सराव बँडने जवळजवळ होतच नाही. जागतिक आरोग्य संघटना 65 नंतर तोल आणि ताकद असा मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगते. ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहायला वेगळी वेळ काढावीच लागेल.

टिकाऊपणाबद्दल एकच मोठी तक्रार, आणि तिचं मूळ बहुधा आपल्याच घरात असतं: तेल. खोबरेल किंवा दुखण्याचा बाम लावलेल्या हातांनी लॅटेक्स, म्हणजे पट्ट्याचं नैसर्गिक रबर, धरलं की ते चिकट होऊन फुगतं आणि लवकर तुटतं. गॅलरीत उन्हात वाळत टाकणं दुसरं कारण, आणि खिडकीच्या गंजक्या ग्रिलला थेट बांधणं तिसरं. ग्रिलवर आधी जुना टॉवेल गुंडाळा. दाराला अडकवायचा असेल तर ओढ लागल्यावर दार आणखी घट्ट बंद होईल अशा बाजूला उभे राहा, नाहीतर दार उघडून पट्टा अंगावर येतो. पट्टा ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा, टाल्कम पावडर लावून घडी न घालता सैल गुंडाळा. दर आठवड्याला ताणून उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक किंवा कडेला चीर दिसली तर चिकटपट्टी न लावता फेकून द्या. रबरी हातमोज्यांनी खाज येत असेल तर बिनलॅटेक्सचाच मागा.

तीन पट्ट्यांचा साधा संच हजाराच्या आत येतो. पण मधला पट्टा महिनाभर वापरल्याशिवाय जड पट्ट्याची गरज कळत नाही, म्हणून सर्जिकल दुकानात सुटा मिळत असेल तर आधी एकच घ्या. खांद्याची शस्त्रक्रिया किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.