साडेसहाशे रुपयांत सुटका

राजीनाम्याचे कागद आणि हिशेब करून देणाऱ्या या टायपिंगच्या दुकानाला मी पाचपैकी चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच. कापणार आहे हे दुकानाच्या काकांना तोंडावर सांगूनही झालंय.

दुकान जळगावात, नवी पेठेकडच्या एका गल्लीत. खाली झेरॉक्स, बाजूने लोखंडी जिना, वर दहा बाय दहाची खोली. बोर्डावर 'टायपिंग, पीएफ, ईएसआयसी, करारनामे' असं लिहिलंय, त्यातलं 'नामे' उन्हाने उडालंय. दुकानाचं नाव टाकू नको असं काकांनीच बजावलं. गर्दी वाढली की हिशेबात चुका होतात म्हणे. वय पासष्टच्या आसपास. त्यातली तीसेक वर्षं कारखान्यांच्या टाइम ऑफिसात गेली, त्यामुळे राजीनाम्याचा कागद कंपनीच्या टेबलावर पोचल्यावर त्याचं काय होतं ते त्यांना आतून ठाऊक.

मी एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. २० ऑक्टोबर २०१८ ला लागले. प्लॅस्टिकच्या चटयांचे गठ्ठे, गाड्यांची वाट बघणं, बिलट्या म्हणजे मालाच्या पावत्या, गाडीसाठीची जीएसटीची ई-वे बिलं, ड्रायव्हरांशी हुज्जत. यंदा जानेवारीत मिस्टरांची बदली धुळ्याला झाली आणि मलाही तिकडे अवधान एमआयडीसीत काम मिळालं. तिथल्या कंपनीला मी १ एप्रिलला हजर हवी होते. मी आमच्या एचआरच्या मुलाला तोंडी विचारलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने एक कागदच हातात ठेवला. मंगळवारी ३ फेब्रुवारीला राजीनामा दिला तर नोटिशीचे ९० दिवस ४ मे ला भरतात. ३१ मार्चला जायचं असेल तर ३४ दिवस कमी. ३१,००० च्या एकूण पगाराने रोजचे १,०३३, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण भरा ४१,४५७ रुपये. मला तर घामच फुटला. एवढे पैसे भरून नोकरी सोडायची म्हणजे दीड महिना फुकट राबल्यासारखंच झालं.

ननंदेच्या ओळखीने काकांकडे गेले तेव्हा सोबत तो कागद होता आणि रात्री जागून लिहिलेला राजीनामा, दीड पान. त्यात उशिरा होणारे पगार होते, बायकांच्या बाथरूमची न लागणारी कडी होती, शेठच्या पुतण्याने सर्वांसमोर केलेला अपमान होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं. मग म्हणाले, "हाई राजीनामा शे का रडगाणं शे, माय?"

मला राग आला. खोटं त्यात काहीच नव्हतं. काकांचं म्हणणं असं, की तक्रार करायची तर नोकरीत असताना कर, वेगळ्या कागदावर, तारीख टाकून. राजीनाम्यात घातलीस तर ती कुणी सोडवणार नाही, फक्त तुझा हिशेब अडकेल. "एमआयडीसी केवढी? उद्या कुणाच्या लग्नात पंगतीला शेठच शेजारी बसेल." हे पटलं, कारण खरंच बसतात. गेल्या मे महिन्यात वरणबट्टीच्या पंगतीत माझ्या डाव्या हाताला आमचा जुना सुपरवायझर होता, ज्याचं नाव काढलं तरी आमच्या शेठचं तोंड वाकडं व्हायचं.

दीड पानाच्या पाच ओळी झाल्या. कोणत्या पदावर, कोणत्या तारखेच्या नेमणूकपत्राप्रमाणे, नोटीस कधीपासून, शेवटचा दिवस कोणता, आणि शिल्लक रजा नोटिशीत धरावी ही विनंती. 'विनंती' या शब्दावर काका अडून बसले. रजा वळती करून घेणं हा तुझा हक्क आहे असं तुझ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, म्हणाले, तेव्हा हात जोडून माग. दोन प्रती. एकीवर आवक शिक्का, सही, तारीख. "पोच लेवाले इसरू नको." वर तोच मजकूर ईमेलने आणि स्पीड पोस्टाने.

पण त्याआधी त्यांनी माझी सगळी पत्रं मागितली होती. मी फक्त नेमणूकपत्र नेलेलं, त्यात नोटीस एक महिन्याची. मला वाटलं, जिंकले! काकांनी विचारलं, पगारवाढीची पत्रं कुठेत? घरी जाऊन कपाटातून काढून आणली. २०२२ च्या पत्रात दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, नोटीस ९० दिवस. खाली सही.

"कुणाची?"

"माझी."

काका काहीच बोलले नाहीत. चहा मागवला.

त्याच २०२२ च्या पत्रात मात्र अजून एक शब्द होता आणि माझ्या पैशांचं काम त्यानेच केलं. नोटीस भरली नाही तर कापायची रक्कम 'मूळ वेतना'वर धरावी, असं लिहिलेलं. माझा मूळ पगार १८,०००. बाकीचे घरभाडं आणि प्रवासभत्ता. म्हणजे रोजचे ६०० झाले. जीएसटीचं तर काकांनी ड्रॉवरमधून छापील कागदच काढला: केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक, नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही. दिवसभर माझ्या हाताखालून जीएसटीची बिलं जातात, तरी हे मला माहीत नव्हतं. एचआरच्या मुलालाही नसावं. तो लबाड नाही, जुनी एक्सेल शीट पुढे ढकलत होता, एवढंच.

मग हिशेब आला खाली. ३४ दिवस कमी, त्यातले २१ शिल्लक रजेतून, उरले १३. तेरा सक ७,८०० रुपये. मी पर्स उघडायच्या तयारीत. काका म्हणाले, थांब, लागलीस कधी?

वीस ऑक्टोबर.

त्यांनी बोटांवर मोजलं. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या पैशांचं, सूत्र असं: शेवटचा मूळ पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, पाच वर्षं झालेली हवीत. आणि वरचे महिने सहाहून जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. ३१ मार्चला माझी सात वर्षं, पाच महिने आणि काही दिवस होत होते. म्हणजे सातच वर्षं, ७२,६९२ रुपये. तीन आठवडे थांबले तर आठ वर्षं, ८३,०७७. "२० एप्रिलच्या आसपास नेमके सहा महिने भरतात. कायद्यात 'सहा महिन्यांहून जास्त' लिहिलंय, तिथे कुणी वाद घालायला नको. २२ तारीख टाक." आणि २२ एप्रिल ते ४ मे हे बारा दिवस रजेत सहज बसत होते. कापायला काही उरतच नव्हतं.

"आखाजी करीसन सोड," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. माझ्या वडिलांकडे पारोळ्याजवळच्या शेतावर सालदार होता. आखाजीला हिशेब व्हायचा, उचल फिटायची, राहायचं की दुसरा मालक बघायचा ते ठरायचं. मधेच कुणी सोडत नसे. सोडणार कसं, उचल अंगावर असायची. काकांचे वडील असेच सालदार होते हे त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, तुमचं नोटीस पिरियड नोटीस पिरियड म्हणजे काय, हेच, फक्त इंग्रजी लेटरहेडवर. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत होते, की वडिलांच्या ओट्यावर बसलेल्या त्या सालदाराला कुणी असा कागद करून दिला असता तर.

धुळ्याच्या कंपनीला फोन करायला मला दोन दिवस लागले. वाटत होतं, तीन आठवडे मागितले की नोकरीच जाईल. त्यांच्या बाई म्हणाल्या, उद्या कळवते. त्या एका दिवसात मी जेवले नाही धड. दुसऱ्या दिवशी, बरं, २३ तारखेला या. एवढंच! आमच्या एचआरला २२ एप्रिलचं पत्र आधीच गेलेलं होतं, म्हणून धुळ्याने नाही म्हटलं असतं तर काय, हे काकांना विचारलं. "मग तेरा सक भरले असते," म्हणाले.

दुकानात बसून वाट बघताना जे ऐकू येतं तेही जमेस धरायला हवं. एक मुलगा आला होता, विशीतला. त्याच्या मालकाने दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेतलेला आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतलेली. काकांनी त्याचं काम घेतलंच नाही. वकिलाकडे जा, म्हणाले, हा माझा घास नाही. एवढं मात्र सांगितलं की कोर्ट कुणाला जबरदस्तीने खुर्चीवर बसवून काम करवून घेत नाही, पण बाँडमधल्या पैशांचा दावा उभा राहू शकतो, आणि सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये एका बँकेचा दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरलेला आहे, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'बाँड बेकायदा असतो' वाचून घरी बसू नको. शंभर रुपये मिळाले असते ते सोडले. मला हे आवडलं.

नोटिशीचे अडीच महिने कसे गेले ते फार सांगत नाही. शेठ पंधरा दिवस बोलले नाहीत. माझं टेबल गोडाऊनच्या पत्र्याखाली नेलं, मार्च-एप्रिलात जळगावचा पत्रा काय तापतो ते जळगावकरांना सांगायला नको. माझ्या जागेवरचा मुलगा आला शेवटच्या आठवड्यात. पण काकांनी हस्तांतराची यादी आधीच करायला लावलेली होती, ती कामी आली. चाव्या, शिक्के, बिलट्यांची पुस्तकं, कोणत्या ट्रान्सपोर्टची किती थकबाकी, सगळं दोन प्रतींत, घेणाऱ्याच्या सहीने. आणि ई-वे बिलाचा लॉगिन! तो माझ्या मोबाइलला जोडलेला होता हे मी विसरूनच गेले होते. "तुझ्या फोनवर ओटीपी येतोय तोवर तू सुटली नाहीस," काका म्हणाले. नंबर बदलून घेतल्याचीही पोच घेतली. एचआरचा मुलगा वैतागला, म्हणाला, ताई, तुम्ही काय कोर्टात जाणारे का? मी म्हटलं, नाही रे बाबा, धुळ्याला.

शेवटच्या दिवशी शेठनी केबिनमध्ये बोलावलं, पेढा दिला, पुतण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

पैशांचं सांगायचं तर वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचा थकीत पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. ही संहिता २०१९ ची, पण लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. पूर्वी ही दोन दिवसांची मुदत मालकाने काढून टाकलेल्यांसाठी होती, सोडणाऱ्याला नव्हती. काकांनी हे सांगताना लगेच जोडलं, दोन दिवसांत कुणी देत नाही, पण चौथ्या दिवशी पत्र टाकता येतं. टाकलं, तीन ओळींचं. पगार आणि उरलेल्या नऊ दिवसांच्या रजेचे पैसे ६ मे ला आले. ग्रॅच्युइटीला तीस दिवस असतात. ती २० मे ला आली, ८३,०७७, रुपयाचाही फरक नाही.

आता तो कापलेला तारा. माझ्या पीएफच्या खात्यावर माहेरचं आडनाव आहे आणि आधारवर सासरचं. हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं, तेव्हा मी नोकरीत होते, कंपनीची सही मिनिटात मिळाली असती. काकांनी ते बघितलं चौथ्या खेपेला, माझा शेवटचा दिवस उलटून गेल्यावर. चूक कबूल केली, त्या कामाचे पैसे घेणार नाही म्हणाले, पण हेलपाटे माझेच. पीएफ काढू नको, धुळ्याच्या खात्यात वळव, असा त्यांचा सल्ला आहे, आणि नाव जुळल्याशिवाय ते होत नाही.

बाकी किरकोळ. पत्राचे दीडशे, हिशेबाचे तीनशे, हस्तांतराच्या यादीचे नि नंतरच्या पत्राचे मिळून दोनशे. यूपीआय नाही, रोखच. दुपारी दोन ते पाच बंद, आणि पाच म्हणजे साडेपाच धरा. बसायला दोनच खुर्च्या, त्यातल्या एकीवर फायली. पंखा काकांच्या बाजूला वळवलेला असतो. सोबत सगळी पत्रं न्या, पगारवाढीचीही, दुसरं पान असलेली.

शनिवारी पीएफच्या सहीसाठी परत जळगावला जातेय. एचआरच्या मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, या ताई, करून देतो, आणि जरा त्या काकांचा पत्ताही द्या.