सोनीची खाज आणि औषधी शाम्पू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची सोनी साडेचार वर्षांची, २८ किलो वजनाची लॅब्राडोर कुत्री आहे. आम्ही चिपळूणला राहतो, म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घरातली गोधडी, भिंत आणि कुत्र्याचे अंग यांपैकी काहीच पूर्णपणे कोरडे होत नाही. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या त्वचेला त्रास सुरू झाला आणि तेव्हापासून आजपर्यंत, जवळजवळ आठ महिने, मी तिच्यासाठी २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि १ टक्का केटोकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू वापरत आहे. ही दोन द्रव्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाम्पूंत मिळतात, म्हणून मी बाटलीवरच्या नावापेक्षा मागच्या बाजूला छापलेल्या या दोन नावांकडे आणि टक्केवारीकडे पाहते. पहिले जंतूंवर चालते, दुसरे बुरशीवर. शाम्पूचा उपयोग झाला, चांगला झाला. परंतु तो कशासाठी झाला आणि कशासाठी झाला नाही, हे समजायला मला निम्मा पावसाळा लागला.

सुरुवात रात्रीच्या चाटण्याच्या आवाजाने झाली. सलग दोन रात्री ती एकाच जागी चाटत होती, आणि तिसऱ्या सकाळी शेपटीच्या बुडाशी, उजव्या बाजूला, केसांचा एक पुंजका ओला आणि चिकटलेला दिसला. बोटांनी केस बाजूला केले तेव्हा खाली रुपयाच्या नाण्याएवढा लालभडक, चकचकीत चट्टा होता, त्यातून पिवळसर लस येत होती आणि हात लावताच ती अंग चोरत होती. संध्याकाळपर्यंत तोच चट्टा तळहाताएवढा झाला. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना इतक्या वेगाने काही पसरू शकते यावर विश्वास बसणार नाही. इंग्रजीत याला हॉट स्पॉट म्हणतात. दाट केसांच्या कुत्र्यांत, दमट हवेत, कुत्रा स्वतःच चाटून आणि चावून तो वाढवतो.

त्या दिवशी माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि त्या अनेक घरांत होत असल्यामुळे सांगते. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी हळद घातलेले खोबरेल तेल लावले. त्वचा कोरडी, भेगाळलेली असती तर कदाचित तेलाने बरे वाटले असते, पण लस वाहणाऱ्या चट्ट्यावर तेलाचा थर बसला की ओल आतच राहते, शिवाय तेलाच्या चवीने कुत्रा दुप्पट चाटतो. दुसरी चूक अधिक गंभीर होती. घरात नायट्यासाठी आणलेली, माणसांची मलमाची ट्यूब होती, ती लावावी असे मला वाटले आणि थोडी लावलीही. अशा बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड असते आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो. झिंक ऑक्साइड असलेली मलमेसुद्धा चाटली गेली तर कुत्र्याला विषारी ठरतात. टी ट्री तेल तर लावूच नये.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चट्टा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, हिला तेल लावलंत ना?" मी हो म्हटले. ते रागावले नाहीत. "आता आधी कारण शोधू, मग औषध," एवढेच म्हणाले. त्यांनी कडेची त्वचा हलक्या हाताने खरवडून काचपट्टीवर घेतली, चट्ट्यावर चिकटपट्टी दाबून तीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सूक्ष्म किडे निघाले नाहीत, जंतू मात्र भरपूर होते. मग त्यांनी बारीक दातांचा कंगवा सोनीच्या पाठीवरून शेपटीकडे ओढला, त्यात आलेली काळी भुकटी पांढऱ्या ओल्या कागदावर झटकली आणि मला पाहायला सांगितले. मिनिटभरात त्या काळ्या कणांभोवती विटकरी लाल कडी पसरू लागली. ती माती नव्हती. पिसवांची विष्ठा होती, म्हणजे सोनीचेच पचलेले रक्त. मातीचा कण असता तर तो ओला होऊनही काळाच राहिला असता. ही परीक्षा घरी कोणालाही करता येते आणि माझ्या मते खाजणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत आधी हीच करावी. अंगावर एकही पिसू दिसली नाही म्हणून पिसवा नाहीत असे होत नाही, कारण ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला मोजके चावेसुद्धा अनावर खाज सुटायला पुरतात, आणि तो सतत चाटत असल्यामुळे अंगावरच्या पिसवा गिळूनही टाकतो.

खाज कोणत्या जागी आहे यावरूनही बराच अंदाज येतो, हे मला त्या दिवशी कळले. शेपटीचे बूड, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. पंजे, काखा, पोट, कान आणि तोंडाभोवतीची जागा वारंवार लाल होत असेल तर हवेतल्या किंवा खाण्यातल्या घटकांची ॲलर्जी असू शकते. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे यांवर खपल्या असून खाज असह्य असेल तर खरजेचा विचार करावा लागतो. केस गोल आकारात जाऊन कडेला कोंडा दिसत असेल तर नायटा असू शकतो, आणि तो घरातल्या माणसांना होतो. हे अंदाज आहेत, निदान नव्हे.

उपचार असे झाले : चट्ट्याभोवतीचे केस बरेच लांबपर्यंत कापले, पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडिनने जागा पुसली, खाज थांबवण्यासाठी काही दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली. कॉलर पाहून माझ्या आईचा जीव तुटला, तिने दोनदा ती काढली आणि दोन्ही वेळा पाच मिनिटांत चट्टा पुन्हा ओला झाला. तिसऱ्यांदा तिनेच ती घट्ट बसवली. चट्टा चार दिवसांत सुकला. त्यानंतर संपूर्ण अंगासाठी आठवड्यातून दोनदा शाम्पू सांगितला गेला, आणि येथून माझा खरा अनुभव सुरू होतो.

पहिले तीन आठवडे मला शाम्पूचा काहीच उपयोग जाणवला नाही. औषधाच्या दुकानात बाटली देताना कोणी काही सांगितले नव्हते आणि मीही नेहमीच्या पद्धतीने, आधी साध्या साबणाने मळ काढून, मग शाम्पू चोळून, लगेच पाणी ओतत होते. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. साबणाचा अंश अंगावर राहिला की क्लोरहेक्सिडिनचा जोर मारला जातो, आणि हे औषध त्वचेवर दहा मिनिटे राहिल्याशिवाय पुरेसे काम करत नाही. दहा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून दहा मिनिटे. आपल्या अंदाजाची दहा मिनिटे बहुतेक वेळा तीनच असतात. आमच्याकडे रेडिओवरच्या सकाळच्या मराठी बातम्या दहा मिनिटांच्या असतात, त्या सुरू झाल्या की फेस लावायचा आणि संपल्या की पाणी घालायचे, असा क्रम आम्ही ठरवून टाकला. तेवढा वेळ तिला मोरीत बसवून ठेवण्यासाठी उकडलेल्या रताळ्याच्या फोडी उपयोगी पडल्या.

आता मी पाळते ती पद्धत सांगते. पाणी कोमटाहून थोडे थंडच असावे, कारण गरम पाण्याने खाज वाढते. अंग कातडीपर्यंत भिजायला आमच्या सोनीला पाच-सहा मिनिटे लागतात, तिचे वरचे केस पाणी झटकून टाकतात. शाम्पू सर्वांत आधी त्रासाच्या जागी लावायचा, म्हणजे त्या जागेला सर्वांत जास्त वेळ मिळतो, आणि मग बाकीच्या अंगाला. डोक्यावर फेस न्यायचा नाही. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते आणि फाटलेल्या पडद्याच्या कानात गेले तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तोंड मी फक्त ओल्या फडक्याने पुसते. शाम्पू धुताना पाणी स्वच्छ येऊ लागल्यावरही आणखी दोन बादल्या ओतते. शेवटी पंचाने दाबून पाणी टिपायचे, घासायचे नाही, आणि काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, मानेखालची वळी, शेपटीचे बूड येथे हात घालून कोरडेपणा तपासायचा. पावसाळ्यात मी पंख्याखाली तासभर बसवते. हा तास चुकवून केलेली अंघोळ न केलेल्या अंघोळीपेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या पद्धतीने सुरू केल्यावर फरक दहा-बारा दिवसांत दिसला. आधी कुबट वास गेला. मग पोटावरच्या बारीक पुटकुळ्या सुकून त्यांच्या जागी गोल खपल्या राहिल्या आणि त्याही निघून गेल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चट्ट्याच्या जागी मऊ, आखूड केस आले, आसपासच्या केसांपेक्षा किंचित गडद. सप्टेंबरमध्ये मात्र पाठीवर पांढरा कोंडा दिसू लागला, केस रखरखीत झाले. मला वाटले त्रास परतला, पण तो आठवड्यातून दोन अंघोळींचा परिणाम होता. डॉक्टरांनी आधी आठवड्यातून एक आणि नंतर पंधरा दिवसांतून एक अंघोळ घालायला सांगितली, तेव्हा कोंडा थांबला. आपली वरची त्वचा दहा-पंधरा पेशींच्या थरांची असते, कुत्र्याची तीन ते पाच थरांचीच, आणि तिचा सामू (पीएच) आपल्या त्वचेसारखा आम्लधर्मी नसून उदासीनतेच्या जवळ असतो. म्हणून माणसांचा शाम्पू, लहान बाळांचासुद्धा, तिला नेहमीसाठी योग्य नाही, आणि औषधी शाम्पूही गरज संपल्यावर त्याच वेगाने चालू ठेवू नये.

शाम्पूने जे झाले नाही ते असे. पिसवा गेल्या नाहीत. मी जुलैभर समजत होते की एवढे जंतुनाशक लावल्यावर कीटकही मरतील. पण घरातल्या एकूण पिसवांपैकी कुत्र्याच्या अंगावर सुमारे ५ टक्केच असतात. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश गोधडीत, पायपुसण्यात, फरशीच्या सांध्यांत असतात. कोशातली पिसू तर कित्येक आठवडे आत थांबू शकते. शिवाय मानेवर टाकायचे, पिसवा मारणारे औषधी थेंब आम्ही अंघोळीच्या आदल्या दिवशी टाकत होतो, म्हणजे ते धुऊन टाकत होतो. शेवटी डॉक्टरांनी तिला यापूर्वी कधी झटके आले होते का, हे विचारून घेतले आणि महिन्यातून एकदा द्यायची, पिसवा-गोचिडींवरची चघळायची गोळी सुरू केली. झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्यांत या गटाची औषधे जपून द्यावी लागतात, तेव्हा ती परस्पर आणून देऊ नयेत. तिची गोधडी आम्ही आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात धुतली, सोफ्याखालून रोज झाडले आणि हे सलग तीन महिने केले. ऑक्टोबरनंतर कागदावर लाल कडी उमटलेली नाही.

पंज्यांचा त्रास वेगळा निघाला. दसऱ्याच्या सुमारास ती पुढचे पंजे चाटू लागली, बेचक्यांतले फिके केस तांबूस झाले आणि आंबूस वास येऊ लागला. तो रंग लाळेचा असतो. चिकटपट्टीवर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, दिसले, आणि येथे याच शाम्पूतला बुरशीवरचा भाग कामाला आला : फक्त पंजे, एका पसरट घमेल्यात, आठवड्यातून तीनदा, तीच दहा मिनिटे. फिरून आल्यावर पंजे धुऊन बेचक्या कोरड्या पुसण्याची सवय आम्ही तेव्हापासून ठेवली आहे. तीन आठवड्यांत वास गेला, तांबूस रंग जायला मात्र केस वाढून नवे येईपर्यंत वाट पाहावी लागली.

वस्तूबद्दल तक्रारी दोन आहेत. २०० मिलिलिटरची बाटली सोनीच्या आकाराच्या कुत्र्याला पाच अंघोळींत संपते, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत खर्च जाणवतो. मी आता एक भाग शाम्पू दोन भाग पाण्यात मगात मिसळून लगेच वापरते, त्याने तो अंगभर सारखा पसरतो आणि थोडा पुरतो. दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची वाटते. दहा मिनिटे थांबण्याची सूचना बाटलीवर आहे, परंतु इतक्या बारीक अक्षरांत आणि केवळ इंग्रजीत, की माझ्या आईसारख्या व्यक्तीला ती असून नसल्यासारखी आहे. आम्ही बाटलीवर चिकटपट्टी लावून मराठीत मोठ्या अक्षरांत "१० मिनिटे" लिहून ठेवले आहे.

चट्टा एका दिवसात वाढत असेल, त्यातून पू येत असेल, कुत्रा खात नसेल, ताप असेल (कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, आपल्या हाताला ते गरमच लागते), तोंड सुजले असेल किंवा घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर शाम्पूची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. किरकोळ लाली असेल, लस नसेल, कुत्रा खातो-खेळतो आहे आणि चाटणे थांबवता येते आहे, एवढ्याच स्थितीत मी आता घरी दोन दिवस वाट पाहते. नोव्हेंबरमध्ये काखेत अशी लाली आली होती; गळ्या-छातीचा पट्टा घासत होता. पट्टा बदलला, जागा कोरडी ठेवली, शाम्पू लावावाही लागला नाही.

सध्या हाताशी असलेली बाटली निम्मी शिल्लक आहे. अंघोळ महिन्यातून एकदा होते आणि दर रविवारी उन्हात बसवून कंगवा व ओला कागद यांची तपासणी. मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडण्याआधी, तिच्या शेपटीच्या बुडाजवळचे केस थोडे कमी करून घ्यायचे आणि गोळीचा महिना चुकू द्यायचा नाही, हे दोन्ही कॅलेंडरवर आईने आत्ताच लिहून ठेवले आहे.