सामाईक परसबागेसाठी दोन तोंडांचा नळ-टायमर : कुठे कामाचा, कुठे फसवतो

ठरल्या वेळी नळ आपोआप उघडणारे-बंद करणारे बॅटरीवरचे नळ-टायमर दोन जातींचे असतात आणि खोक्यावरून फरक सहसा कळत नाही. सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) व्हॉल्व्हवाल्याला साधारण अर्धा बार दाब लागतो, म्हणजे पाच मीटर उंचीवरची टाकी. कॉलनीच्या बागेत ५०० लिटरची टाकी जेमतेम दीड मीटरच्या चौथऱ्यावर असते. तिथे बॉल व्हॉल्व्हवालाच घ्यावा. त्यात छोटी मोटर गोळा फिरवते, दाब नसला तरी चालतं. दुकानातच सुरू करून पाहा : मोटरची दोन-चार सेकंद घरघर ऐकू आली तर बॉल व्हॉल्व्ह, नुसतं ‘टक्’ झालं तर सोलेनॉइड.

दोन तोंडं हवीतच. समजा ३ मीटर बाय १ मीटरचे बारा वाफे आहेत. नागपूरच्या मे महिन्यात पालेभाजीला दिवसाला ८ मिलिमीटर पाणी धरलं तर वाफ्याला २४ लिटर, सगळ्यांना मिळून २८८ लिटर. प्रत्येक वाफ्यात फुटाफुटावर ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड) असलेल्या दोन लॅटरल (वाफ्यातल्या बारीक नळ्या), म्हणजे वीस ड्रिपर. ‘ताशी ४ लिटर’ हा आकडा एक बार दाबाचा असतो. टाकीतल्या पाण्याच्या सरासरी दोन मीटर उंचीवर तोच साधा ड्रिपर ताशी १.८ लिटरच देतो. म्हणून वाफ्याला ४० मिनिटं : सकाळी २०, संध्याकाळी २०. बाराही वाफे एकदम सोडले तर १६ मिलिमीटरच्या नळीतच दाब संपतो आणि शेवटच्या वाफ्यातला सांबार (कोथिंबीर) सुकतो. सहा-सहाचे दोन गट करा, एकेका तोंडाला एकेक गट जोडा, दुसऱ्याची वेळ पहिला बंद झाल्यावर लावा. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर इथे घेऊ नका, त्यांना एवढा दाब पुरत नाही.

यंत्राची खरी उणीव इथेच आहे. ते वेळ वाटतं, पाणी वाटत नाही. पाळी बरोबर वीस मिनिटांची झाली म्हणून सगळ्यांना सारखं पाणी मिळालं असं होत नाही. पहिल्या आणि शेवटच्या वाफ्यात एकेका ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटं मोजा. ३०० मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. शेवटची वाटी फारच कमी भरली तर मुख्य नळी ३२ मिलिमीटरची करा. लॅटरल, कॉक, फिल्टर हे सगळं नागपूरच्या कॉटन मार्केट भागातल्या कृषी दुकानांत सुटं मिळतं. प्रत्येक वाफ्याला वेगळा कॉक लावा, म्हणजे रिकाम्या वाफ्यात पाणी जाणार नाही.

जोडणीत गळती बहुतेक आट्यांवर होते. टायमरचा नट पाऊण इंची, आपल्याकडची तोटी अर्धा इंची. मधला अ‍ॅडॅप्टर पितळी घ्या; प्लास्टिकचा उन्हाने तडकतो. टेफ्लॉन टेप तोटीच्या आट्यांवर गुंडाळा. टायमरच्या नटाला रबरी वॉशर पुरतो, पाना न लावता हातानेच आवळा. टायमरच्या आधी १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर हवाच आणि तो दर आठवड्याला धुवायचा. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचून गोळा अडकतो. महिन्यातून एकदा बटणाने चार-पाच वेळा उघड-बंद करावा.

सगळ्यात मोठा धोका बॅटरीचा. व्हॉल्व्ह उघडा असताना ती संपली तर तो उघडाच राहतो आणि रात्रीतून टाकी रिकामी होते. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यांच्यावर काही टायमर नीट चालत नाहीत. अल्कलाइन टाका आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बदला. सेल बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावायला विसरू नका. तरीही भरवसा टाकीवरच ठेवावा : फ्लोट (पाणी भरलं की टाकीचा नळ बंद करणारा तरंगता गोळा) अशा उंचीवर बांधा की एका दिवसाचंच पाणी, म्हणजे ३०० लिटर, भरेल. पातळी तेवढी खाली आली की धारही कमी होते, तेव्हा वाटीची मोजणी पुन्हा करून मिनिटं वाढवा. टाकी पहाटेच भरून घ्या. दिवस चढला की घरोघरी कूलर भरायला नळ सुटतात आणि धार बारीक होते.

नवतप्याच्या (मे अखेरच्या कडक नऊ दिवसांच्या) उन्हात टायमरचा पडदा काळा पडतो, आकडे दिसत नाहीत. वर पांढरी बादली उपडी घातली तरी भागतं. बटणांना बहुधा कुलूप नसतं, कोणीही ‘मॅन्युअल’ दाबून आपल्या वाफ्याकडे पाणी वळवू शकतं. म्हणून जाळीचा छोटा पिंजरा आणि एकाच माणसाकडे किल्ली. ज्या बागेत हे जमणार नाही, तिथे टायमरवर खर्च न करता वाफ्यागणिक २४ लिटर मोजून बादल्यांनी पाणी द्यावं.