फ्लास्क की फंक्शनल?

एमएस्सी संपली, पीएचडी करायची हे ठरलं. आता एका बाजूला सेंद्रिय संश्लेषणाचे प्राध्यापक आहेत, दुसऱ्या बाजूला संगणकीय रसायनशास्त्राचे. ही निवड चार-पाच वर्षांपुरती नसते. पुढे स्वतः प्राध्यापक झालात तर तुमचे विद्यार्थी दिवसभर काय करणार, हेही इथेच ठरतं. मी आधी अडीच वर्षं संगणकावर रेणूंची गणितं चालवली (फंक्शनल म्हणजे त्यातलं, इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढायचं सूत्र), मग फ्लास्ककडे, म्हणजे संश्लेषणाकडे वळलो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी अगदीच उपाशी राहिलो नाही, म्हणून हे लिहितोय.

सोयीचं म्हणाल तर संगणकीय बाजू सरळ पुढे आहे. संगणकावर जॉब लावायचा आणि झोपायला जायचं. प्राध्यापक म्हणून सुरुवात करतानाही क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, वेळ मिळाला की पहिल्या आठवड्यात काम सुरू होतं. वाफा ओढून घेणारी धुराडी, द्रावकं, निर्वात पंप, रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्राची रांग, यातलं काहीच आड येत नाही. क्षेत्रही मोकळं आहे. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी जॉन पोपल यांची पीएचडी गणितातली, तर वॉल्टर कोन भौतिकशास्त्रज्ञ. शिवाय काही कारणाने विद्यापीठ सोडावं लागलं, तर प्रोग्रामिंग कुठेही कामी येतं.

संश्लेषणात वेळापत्रक तुमचं नसतं, रिॲक्शनचं असतं. उणे ७८ अंशांवर ब्युटिल लिथियम थेंब थेंब सोडत असताना कोणी बोलवायला आलं तरी उठता येत नाही. मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या फ्लॅश कॉलमची पद्धत १९७८ मध्ये आली आणि वेगळं करण्याचं काम मिनिटांवर आलं, असं आपण शिकतो. ते खरं आहे, पण फक्त द्रावक वाहण्यापुरतं. कॉलम भरणं, साठ टेस्ट ट्यूब, त्यांच्या टीएलसी (कशात काय आहे हे दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या), मग रोटाव्हॅपवर एकेक आटवणं, यात माझी दुपार जायची आणि पाठही. पेपरही सावकाश येतात. रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड आणि एशेनमोझर यांनी १९७२ मध्ये व्हिटॅमिन बी-१२ चं संश्लेषण पूर्ण केलं तेव्हा त्यामागे शंभराच्या आसपास सहकारी आणि दशकाहून जास्त काळ होता. तो अर्थात टोकाचा नमुना, पण स्वभाव तोच.

एवढं असून मी तिकडून इकडे का आलो? एका कटकटीमुळे. ती सगळ्यांना तितकी टोचेल असं नाही.

माझ्याकडे एक असममित अभिक्रिया होती, म्हणजे रेणूच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी (आर आणि एस) एकच जास्त देणारी. दोन ट्रान्झिशन स्टेट (अभिक्रियेच्या वाटेवरचे ऊर्जेचे माथे), एकातून आर, दुसऱ्यातून एस. कोणती ऊर्जेने खाली, म्हणजे कोणतं रूप जास्त मिळेल, एवढाच प्रश्न. बी३एलवायपी हे फंक्शनल लावलं, आर खाली आली. प्रयोगात एस मिळत होतं. मग विक्षेपण दुरुस्ती जोडली. मोठ्या सुगंधी (बेंझीनसारख्या) गटांची आपसातली ओढ मूळ फंक्शनलला नीट कळत नाही, म्हणून ती जोडणं योग्यच. एस खाली आली. मग एम०६-२एक्स हे दुसरं फंक्शनल वापरून पाहिलं: एस, पण फरक नको इतका मोठा. द्रावकाचं मॉडेल बदललं की आकडे पुन्हा हलले. यात लबाडी कोणाचीच नव्हती. ९० टक्के ईई (एका रूपाचं दुसऱ्यावरचं आधिक्य) म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन अडथळ्यांमध्ये जेमतेम पावणेदोन किलोकॅलरी प्रति मोल, आणि आपली पद्धत चुकते तीही साधारण तेवढ्यानेच. पेपरात आम्ही प्रयोगाशी जुळणारी पद्धत ठेवली. निवडीचं कारणही लिहिलं, आणि ते खरंच होतं. पण उत्तर आधी माहीत नसतं तर मी कुठे थांबलो असतो, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढच्या प्रकल्पात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. हल्ली बरेच गट एकाच प्रश्नावर पाच-सहा फंक्शनल चालवून सगळे आकडे देतात, त्यामुळे माझी तक्रार थोडी जुनी झाली असेल.

फ्लास्क खोटं बोलत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सुझुकी जोडणी (कार्बनचे दोन तुकडे जोडणारी, एरवी पॅलॅडियम लागणारी अभिक्रिया) पॅलॅडियमशिवाय होते, असा दावा २००३ मध्ये झाला होता. २००५ मध्ये त्याच गटाने पुन्हा तपासलं, तर बाजारात मिळणाऱ्या सोडियम कार्बोनेटमध्येच ५० पीपीबी इतकं, म्हणजे अब्जात पन्नास भाग, पॅलॅडियम निघालं. पण बघा, पकडलं गेलं ते अशाच गोष्टीतून: बाटलीतल्या पदार्थातून. गणितात तीच इनपुट फाइल कोणीही चालवली तरी तेच उत्तर येतं. चूक असली तर तीही दशांशापर्यंत तशीच. माझ्यासारख्या संशयी माणसाला एनएमआरवर नको असलेलं शिखर दिसलं की उलट बरं वाटतं. निदान काहीतरी माझ्या मनाविरुद्ध गेलं.

दोन्ही बाजू एकमेकींवाचून अडतात, हेही खरं. बी-१२ च्या कामात वलय मिटताना अनपेक्षित त्रिमिती रचना मिळाली, वुडवर्ड अडले, आणि तरुण रोआल्ड हॉफमनना सोबत घेऊन १९६५ मध्ये कक्षकांच्या (रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांच्या) सममितीचे नियम आले. हॉफमनना १९८१ मध्ये फुकुई यांच्यासोबत नोबेल मिळालं. वुडवर्ड १९७९ मध्येच वारले होते. गणित हॉफमनचं, पण प्रश्न फ्लास्कमधून आला होता. हे उदाहरण मी माझ्या बाजूने ओढतोय, कबूल.

तुम्हाला द्रावकांचा त्रास होत असेल, ठरावीक वेळेला घरी पोहोचायचं असेल, किंवा कोड लिहिताना तहानभूक हरपत असेल, तर माझं ऐकू नका. संगणकीय गट घ्या. एरवी निवडीआधी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि एकच विचारा: शेवटचं काय फसलं, आणि फसलं हे कशावरून कळलं? मी विचारलं तेव्हा संश्लेषणातल्या मुलीने वही उघडून तारखेसकट टीएलसीचं चित्र दाखवलं. माझ्या जुन्या गटातला मित्र थोडा वेळ विचार करून म्हणाला, "फसलं असं नाही, आम्ही फंक्शनल बदललं."