केस ओढल्यासारखा वाटला, तर ते इलेक्ट्रोलिसिस नव्हे

हनुवटीवरचे राठ केस एकदाचे जावेत म्हणून मी इलेक्ट्रोलिसिसचं, म्हणजे बारीक सुईतून वीज सोडून केसाचं मूळच मारण्याच्या उपचाराचं, पॅकेज घेतलं, पैसे सगळे आगाऊ भरले. सुई आत जायची, यंत्र टुक करायचं, चिमट्याने केस निघायचा. बाहेरून बघणाऱ्याला सगळं यथासांग वाटलं असतं. प्रत्यक्षात माझे केस नुसते उपटले जात होते आणि वर कातडीला चटके बसत होते, ते वेगळंच.

या उपचाराबद्दल जो तो एकच विचारतो, "दुखतं का?" दुखतं. चांगल्या हातानेही दुखतं, विशेषतः वरच्या ओठावर डोळ्यांतून पाणी येतं. त्यामुळे दुखण्यावरून काहीच कळत नाही. कळतं ते केस निघताना काय जाणवतं त्यावरून. सुईतून सोडलेल्या विजेने केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी नष्ट झाल्या असतील, तर केस लोण्यातून निघावा तसा सुटून येतो, ओढ म्हणून लागत नाही. थ्रेडिंगच्या वेळी बसतो तसा हिसका बसला, तर मूळ जिवंत आहे. एखादा केस अडतोही. तेव्हा नीट काम करणारी व्यक्ती पुन्हा सुई घालून प्रवाह देते, चिमट्याने ताकद लावत बसत नाही. मला मात्र जवळजवळ प्रत्येक केसाला हिसका बसायचा. बोलून दाखवलं की उत्तर तयार असायचं, "तुमचे केसच चिवट आहेत."

आणि पुरावा म्हणून उपचार करणारी बाई टिश्यूवर केस ठेवून दाखवायची. टोकाला छोटीशी गाठ, तिच्याभोवती पांढरट, ओलसर आवरण. "बघा, मुळासकट आला!" दिसायलाही तसंच दिसतं, पण वाढीच्या अवस्थेतला केस साध्या चिमट्याने उपटला तरी हीच गाठ आणि हेच आवरण बाहेर येतं. नवा केस तयार करणारा भाग खाली कातडीतच राहतो. त्या टिश्यूवरच्या प्रदर्शनाला काडीचीही किंमत नाही.

दुसरी लबाडी मला फार उशिरा उमगली, कारण त्यासाठी यंत्राची थोडी माहिती लागते. पद्धती तीन. गॅल्व्हॅनिकमध्ये एकदिश प्रवाहाने मुळाशी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो पेशी जाळतो. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण होते आणि काम क्षणात होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. माझ्याकडून पैसे घेतले होते ब्लेंडचे, जास्त दराने. आता गॅल्व्हॅनिक काय किंवा ब्लेंड काय, एकदिश प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण व्हायला दुसरा इलेक्ट्रोड शरीराला लागलेला असावा लागतो. बहुतेक ठिकाणी ओल्या कापडात गुंडाळलेली धातूची दांडी हातात धरायला देतात. शिवाय प्रत्येक केसापाशी सुई काही सेकंद थांबवावी लागते. माझ्या हातात कधी काही दिलं नाही आणि सुई आत गेली न गेली तोच बाहेर यायची. "नवं तंत्रज्ञान आहे," असं सांगितलं जायचं. सुईतून वीज सोडून केस काढण्याचं तंत्र तर 1875 पासून लिखित स्वरूपात आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी ते वापरलं होतं.

कातडीनेही इशारे दिले होते. उपचारानंतर काही तास लाली, थोडी सूज, क्वचित बारीक खपली, हे चालतं. पण माझ्याकडे सुई शिरताना दर वेळी टोचल्याचं जाणवायचं आणि मधूनच रक्ताचा थेंब यायचा. केसाच्या कोनात सरळ सरकलेली सुई रंध्रात आपोआप जाते, टोचल्याची जाणीव सहसा होत नाही. सुई जाताना कातडी खाली दबून खळगा पडत असेल, तर ती रंध्राऐवजी भलतीकडे घुसते आहे. सुई पुरेशी आत जायच्या आधीच किंवा बाहेर काढताना प्रवाह चालू राहिला, तर वरची कातडी भाजते. त्यात शेजारशेजारचे केस एकाच बैठकीत ओळीने घेतले, की उष्णता एकाच जागी साठते. माझ्या हनुवटीच्या उजव्या बाजूला आजही टाचणीने टोचल्यासारखे तीन-चार खड्डे आहेत. काळे डाग मात्र हळूहळू फिके पडले. सावळ्या वर्णाला असे डाग लवकर पडतात, म्हणून तिथे हात जास्तच जपून चालायला हवा.

केस काही आठवड्यांत परत यायचे आणि खापर फुटायचं माझ्या हार्मोन्सवर. यात अर्धं सत्य असतं, म्हणूनच ते पटतं. सगळे केस एकाच वेळी वाढीत नसतात. सुप्त असलेले नंतर डोकं वर काढतात, त्यामुळे पूर्ण उपचाराला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. पण इतके महिने झाल्यावर केस निदान विरळ तरी व्हायला हवेत. नुसतं उपटल्यावर येतात तितकेच दाट येत राहिले, तर हार्मोन्सना कशाला बोल लावायचा?

पुढे एका त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवलेल्या बाईंकडे गेले. त्यांनी सीलबंद पाकिटातली नवी सुई माझ्यासमोर उघडली, भिंगाचा दिवा ओढला, दोन बोटांनी कातडी ताणली. आधी जबड्याखालचे मोजके केस घेतले आणि कातडी कशी राहते ते बघून पुढच्या वेळी या म्हणाल्या. केस निघाल्याचं मला कळलंच नाही. चिमट्यात दिसला तेव्हा कळलं. पॅकेजचं विचारलं, तर म्हणाल्या, "बसाल तेवढ्या वेळाचे द्या."

जुन्या ठिकाणी पैसे परत मागितले. ते मिळाले नाहीत. त्याऐवजी आणखी काही सिटिंग फुकट देतो म्हणाले.