स्टिकर अस्सल, माल नक्कल: 21,000 रुपयांना कसा गंडलो

मुलगा क्रिकेट खेळतो, मुलगी हॉकी. मी पुण्यातल्या खडकीत वाढलो. धनराज पिल्ले आमच्याच ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिका घेऊन हॉकी शिकला, हे तिथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. आपल्या मुलांच्या हातात तरी धड सामान द्यावं, ही हौस मला भोवली.

मार्चमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत फिरत एक मेसेज आला: ‘इम्पोर्टेड लॉट, कस्टममधून सुटलेला माल, शेवटचे 3 नग.’ खाली ग्रे-निकल्सच्या बॅटचा फोटो. माझा जीव तिथेच अडकला. 1994 मध्ये वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराने कसोटीत 375 धावा कुटल्या त्या याच कंपनीच्या बॅटने. शाळेत वहीच्या मागच्या पानावर मी तिची चित्रं काढायचो. शिवाय आपल्याला यातलं कळतं, हा ताठा होताच. केंब्रिजला 1855 मध्ये रॅकेटांचा धंदा काढणारे ग्रे, ससेक्समधल्या रॉबर्ट्सब्रिजला बॅटी घडवणारे निकल्स, 1940 च्या दशकात दोघे एकत्र आले, हे सगळं मी फोनवर त्या विक्रेत्यालाच ऐकवलं. तो म्हणाला, “सर, असं जाणकार गिऱ्हाईक हल्ली मिळत नाही.” झालं, मी विरघळलो.

40,000 च्या पुढची बॅट 14,500 ला. मुलीसाठी ‘95 टक्के कार्बन’ची हॉकी स्टिक 6,500 ला, तीही ‘त्याच कंपनीची’. कस्टमचा माल म्हणून बिल नाही, पैसे मात्र आधी आणि पूर्ण. बायको म्हणाली, “अहो, बिल नाही म्हणजे काय?” मी तिला गप्प केलं. त्याबद्दल मी अजून ऐकतोय.

नवव्या दिवशी पार्सल आलं. बॅट दुधासारखी पांढरी, स्टिकर चकचकीत. नवी बॅट खेळायला तयार करायची म्हणून मी जवसाचं तेल लावलं आणि रोज संध्याकाळी गॅलरीत लाकडी हातोडीने ठोकत बसलो. चांगलं इंग्लिश विलो, म्हणजे महागड्या बॅटींचं लाकूड, ठोकता ठोकता मऊ बोलायला लागतं, हातोडी उलट उडी मारते. ही मात्र पाटावर लाटणं आपटल्यासारखी ‘ठक ठक’ करत राहिली. वाटलं, नवी आहे, खुलेल. नेटमध्ये दोन दिवस खेळून मुलगा म्हणाला, “बाबा, हात झिणझिणतात.”

कॅम्पात बॅटी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी हातात घेऊन तोलली आणि न विचारताच कडेला पॉलिश पेपरचे चार हात मारले. पांढऱ्याच्या आतून तपकिरी लाकूड निघालं. मग बुंध्याचं रबर सोडवलं. समोरच्या अंगावरच्या लाकडाच्या रेषा खालच्या कापावर उतरायला हव्यात ना? दोन रेषा कडेपर्यंत येऊन तिथेच संपत होत्या. चाचांनी अंगठा थुंकीने ओला करून चोळला, तर रेषा पुसट झाली. “इंग्लिश नाही, स्वस्तातलं काश्मिरी विलो आहे, साहेब. रंग उडवून वर रेघा काढल्यात. टेनिस बॉलने खेळायला बरी.”

स्टिकची गत त्याहून वाईट. मुलीच्या सरांकडे 51 मिलिमीटरचं कडं असतं, स्टिक त्यातून आरपार जावी लागते. ही खालच्या वाकड्या टोकापाशीच अडली. वर पहिल्याच जोरदार फटक्याला खाली चीर पडली आणि आत पांढरे तंतू दिसले. कार्बन काळा असतो, पांढरी असते ती फायबरग्लास. हे सरांनी समजावून सांगितलं. मग स्टिकर निरखून म्हणाले, “हॉकीच्या स्टिकवर ग्रे-निकल्स? ते नाव क्रिकेटचं हो. हॉकीला हे लोक ग्रेज लिहितात.”

1855 पासूनचा इतिहास तोंडपाठ असलेला मी त्या मैदानावर उभा होतो. पंधरा दिवस ते नाव रोज डोळ्यांसमोर होतं, पण वाचलं नव्हतं.

नंबर तोवर बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे देऊन पंचवीस दिवस उलटले होते. खात्यातून रक्कम कधीच पुढे सरकली होती. पहिल्या काही तासांत कळवलं असतंत तर गोठवता आली असती, असं म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बिल आणि विक्रेत्याचं नाव विचारलं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, होता फक्त एक फोटो.

तो फोटो नंतर मी मोठा करून पाहिला. त्यात नऊ सरळ रेषा आणि खांद्यापाशी एक बारीक गाठ आहे. माझ्या बॅटवर सहा रेषा, गाठ नाहीच. पार्सल उघडलं त्या दिवशीच दोन्ही शेजारी धरून बघायला एक मिनिट लागलं असतं.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या भाच्याने एक मेसेज पाठवला: ‘मामा, घेऊ का?’ नऊ रेषा, खांद्यापाशी गाठ, शेवटचे 3 नग. नंबर वेगळा, आणि भाव उतरून 12,000 झालाय.